आईच्या हातच्या पाचशे विड्या

तंबाखूच्या विरोधात बोलणं ही माझी सरकारी नोकरी होती, आणि बेळगावजवळच्या कंग्राळीच्या एका सभेत मी स्वतःच्या हातांनी लोकांना विड्या वाटल्या.

एक-दोन नव्हेत, चांगल्या पाचशे! पंचवीस-पंचवीसची बंडलं, गुलाबी दोऱ्यानं बांधलेली. समोर शंभर-सव्वाशे माणसं बसलेली, मागं भिंतीवर फुप्फुसांचं चित्र लावलेलं (एक गुलाबी, एक काळं), आणि शेजारच्या खुर्चीत आमच्या खात्याच्या मोठ्या डॉक्टर मॅडम. त्या विड्या माझ्या आईनं वळल्या होत्या. आई गेल्या वर्षी गेली. तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची असावी. 'असावी' म्हणतो, कारण तिच्या जन्माची नोंद कुठंच नाही, आणि तिला विचारलं तर ती म्हणायची, "मी काय तवा पाटी घिऊन बसलेते व्हय?"

सभेत काय झालं ते सांगण्याआधी ही बाई काय होती ते सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष तिच्यावर जाईल. तो माझा आहे.

आई निपाणीची. नाव गौराबाई. साठ वर्षं तिनं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या गोणपाटात ठेवून मऊ केलेली पानं. पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीनं कडेकडेनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मिटायचं. तुम्हाला हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आईच्या तीन विड्या झाल्या असत्या. दिवसाला हजार. बोलता बोलता हजार, भांडता भांडता हजार, अंगात ताप असला तरी हजार. मी जन्मलो त्या दिवशी सहाशे झाल्या होत्या आणि पोटात कळ आली. राहिलेल्या चारशे तिनं चौथ्या दिवशी पुऱ्या केल्या, त्या दिवसाच्या हजार वेगळ्या! हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. पोरानं मधेच खोळंबा केला, एवढंच तिचं म्हणणं.

माझ्या आधीची दोन मुलं जगली नव्हती. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. मी सहा वर्षांचा असताना ते खोकून खोकून गेले. पदरात आम्ही तिघं, मी आणि माझ्या पाठच्या दोघी बहिणी, त्यातली धाकटी अजून अंगावर पीत होती. वडिलांचा जलदान विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं सूप मांडीवर घेतलं. पुढं मजुरी वाढावी म्हणून निपाणीत बायकांचा मोर्चा निघाला, तर ही पहिल्या रांगेत. चालताना हात रिकामे होते तरी बोटं वळतच होती, असं गल्लीतल्या बायका सांगायच्या. मला ते शंभर टक्के खरं वाटतं.

तर अशा त्या विडीवर आम्ही तिघं शिकलो. एक बहीण पुण्यात नर्स झाली, दुसरी सांगलीला शिक्षिका. मी आरोग्य खात्यात लागलो. आणि खात्याला जिल्ह्यात एवढी माणसं असताना तंबाखूविरोधी प्रचारासाठी नेमका निपाणीच्या विडीवालीचा पोरगा सापडला! माझी पँट विडीची, बूट विडीचे, डोळ्यावरचा चष्मा विडीचा, आणि मी गावोगाव सांगत फिरायचो की विडी वाईट. मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना आला की मी 'गृहिणी' लिहायचो. आई अंगठा उठवायची, तिला कुठं वाचता येत होतं! सहीपुरतं अक्षर ती सत्तरीनंतर शिकली, तेही माझ्या मुलीकडून.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी आई निपाणीत नळावर पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही (आईचं हाड मोडायला दुसरीच काहीतरी सोय लागली असती), पण दोन तास ती तिथंच बसून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. ते ऐकून मी गाडी घेऊन गेलो आणि तिला बेळगावला घेऊन आलो. हिंडलग्याच्या बाजूला आमचं घर आहे. बायको सुनंदा शाळेत शिकवते, मुलगी तेव्हा कॉलेजात होती. मी आईला सांगितलं की आता इथंच राहायचं, आराम करायचा. तिचं सूप, कात्री आणि पत्रा मी निपाणीतच शेजारणीला देऊन आलो. तंबाखू-अधिकाऱ्याच्या घरात विडीचं सामान शोभलं नसतं.

आईनं आराम आठ दिवस करून पाहिला. तिला तो काही जमला नाही.

नवव्या दिवसापासून तिनं जेवण कमी केलं. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसता चहा. गॅलरीत खुर्चीवर बसायची आणि मांडीवर बोटं हलवत राहायची, रिकामीच. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं की तुमच्यापेक्षा आईंचीच तब्येत चांगली आहे. मी टीव्हीवर मालिका लावून दिली. ती म्हणाली, ह्या बायका दिसभर नटून बसतात, कामं कोण करतं त्यांची? मी दहा किलो मटार आणून दिले, ते तिनं दुपारच्या जेवणाआधी सोलून ठेवले. शेजारच्या देसाईवहिनींनी कापूस दिला आणि देवाच्या वाती करायला सुचवलं. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, आम्हाला वाती कशाला? पण आईनं चार दिवसांत एवढ्या वाती केल्या, की देसाईवहिनी दुसऱ्या आठवड्यात कापूस न देता जिन्यावरूनच परत गेल्या.

मग एका सकाळी आईनं गाठोडं बांधलं.

"मला निपाणीला सोड रं बाबू," ती म्हणाली.

मी म्हटलं, तिथं एकटी पडशील. पुन्हा घसरलीस तर?

"हितं बसून मरण्यापरीस तिथं घसरून मरीन. हितं माझं काय काम हाय?"

ती तिथं एकटी राहिली तर एक दिवस मला फोन येणार, आणि तो फोन कसला असेल हे मला माहीत होतं. इथं ठेवली तर ती माझ्या डोळ्यांसमोर वाळत चालली होती. तीन दिवस मी टाळाटाळ केली. शेवटी कबूल केलं की येत्या शनिवारी माझी कंग्राळीला सभा आहे, ती आटोपली की तुला निपाणीला सोडतो. सुनंदानं त्या रात्री भांडी जरा जोरातच घासली.

आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून आई जेवायला लागली! दोन भाकरी, वर आमटी मागून घेतली. गालावर तजेला आला. मुलीशी गप्पा मारायला लागली. मी सुनंदाला म्हणालो, बघ, घरी जायचं म्हटल्याबरोबर किती बदलली. आमच्या घरात ती सुखी नव्हती, हे मला फार लागलं. त्या आठवड्यात आमच्या घरचा चहा मात्र रोज फिका होत होता. चहापूड कुठं जाते म्हणून सुनंदा दुकानदारावर संशय घेत होती, आणि तिच्या शिवणाच्या डब्यातलं गुलाबी दोऱ्याचं रीळ सापडत नव्हतं. ह्या दोन गोष्टींचा आईच्या भुकेशी संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येणार? आम्ही दिवसभर घराबाहेर असायचो.

सभेत वाटायच्या माहितीपत्रकांचा खोका मी निपाणीचं कबूल केलं त्याच दिवशी घरी आणून ठेवला होता. जागा नव्हती म्हणून आईच्या कॉटखाली सरकवला होता. पत्रकाची एक बाजू कानडी, दुसरी मराठी. शनिवारी सकाळी खोका उचलला तर वरून दोरीनं छान बांधलेला. मला भरून आलं. जाता जाता म्हातारी माझ्या कामाला हात लावून गेली!

कंग्राळीच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. शेतकरी मंडळी, काही बायका, शाळेतली मोठी मुलं. मॅडम पहिल्यांदाच माझं व्याख्यान ऐकायला आल्या होत्या. त्या धारवाडकडच्या, अतिशय कडक. बेळगावात दहा वर्षं काढल्यानं मराठी चांगलं बोलायच्या, पण राग आला की कानडीत जायच्या. त्यांच्यापुढं छाप पडावी म्हणून मी त्या दिवशी जरा जास्तच बोललो. निकोटीन, डांबर, कर्करोग, काळं फुप्फुस. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "आता मी तुमच्या हातात जे देणार आहे, ते तुमचं आयुष्य बदलून टाकेल!"

आणि खोका उघडला.

लक्ष सगळं मॅडमकडं. हात खोक्यात घातला, हाताला कागदाच्या गुंडाळ्या लागल्या. मला वाटलं, खात्यानं ह्या वेळी पत्रकं गुंडाळून पाठवली असतील. पुढच्या रांगेपासून वाटत सुटलो. तोंडानं चालूच होतं, घरी न्या, नुसतं ठेवून देऊ नका, बायकोला द्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या, रोज एक तरी काढून बघा! तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलो तेव्हा मागं हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, कुणीतरी उठून जाताना खुर्ची पाडली. पुढच्या रांगेतले एक आजोबा (पांढरा फेटा, खिशात काडेपेटी) हातातलं बंडल उलटसुलट बघत होते.

"सायब," ते अगदी मनापासून म्हणाले, "इतक्या वर्सांत पयल्यांदा कामाचं काय तरी दिलंसा."

मी माझ्या हातातल्या बंडलाकडं बघितलं. पंचवीस विड्या. सगळ्या एका मापाच्या, तोंडं नीट मिटलेली, मधे गुलाबी दोरा. एवढी सुरेख विडी जगात एकच बाई वळते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तोवर आजोबांनी एक पेटवली. आत चहापूड! त्यांना असा ठसका लागला, की माझ्या पंधरा वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नसेल ते त्या एका झुरक्यानं झालं. मग आत काय आहे बघायला सगळ्यांनीच विड्या उलगडायला सुरुवात केली. आईनं पत्रकं पानाच्या मापानं कापली होती, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला मजकुराचा एकेक तुकडा आला होता. कुणाला 'कर्करोग' आला, कुणाला 'कुटुंबाचा विचार करा'. एका बाईला नुसतं 'फुप्फुस' मिळालं, ती शेजारणीला आणखी काय आलंय म्हणून विचारत होती. आजोबांनी ठसका आवरून आपला कागद माझ्यापुढं धरला. त्यावर छापलेलं होतं, 'आजच सुरुवात करा'.

"करू का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात एका तरुणानं उभं राहून हरकत घेतली, की सगळ्या विड्यांत कानडी बाजू बाहेर आणि मराठी आत आहे, हे मुद्दाम केलंय का? आमच्या सीमाभागात असा प्रश्न निघाला की सभेचा रंग बदलायला वेळ लागत नाही. दोन-चार जण उभे राहिले. मॅडमही उठल्या. त्यांनी एक विडी हातात घेतली, अंगठ्यानं दाबून बघितली, आणि कानडीत विचारलं, "यार माडिद्रु इदन्न?" हे कुणी केलं, एवढंच. कानडीत म्हणजे राग.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. खोका बदलला, दुकानदाराची चूक, असं काहीही सांगता आलं असतं. शंभर माणसं बघत होती. आणि त्या विड्या इतक्या सुंदर होत्या, की दुसऱ्या कुणाचं नाव घेणं माझ्यानं झालं नाही.

"माझ्या आईनं," मी म्हणालो. "ती विडी कामगार आहे. साठ वर्षं तिनं हेच केलं. मी त्याच्यावरच शिकलोय."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोललो. कानडी-मराठीची हरकत घेणारा तरुण खाली बसला. मॅडमनी विड्या पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, मला तुमच्या आईंकडं घेऊन चला. निलंबनाआधी घराची तपासणी होते की काय, हे मला माहीत नव्हतं.

घरी आलो तर आई गाठोडं मांडीवर घेऊन, पायात चपला घालून, दारातल्या खुर्चीवर तयार बसलेली. सुनंदा डोळे पुसत स्वयंपाकघरात. मॅडमनी आईपुढं बंडल धरलं. मी मनात म्हटलं, आता आई घाबरेल. आईनं बंडल घेतलं, अंगठ्यानं दाबलं, आणि मान हलवली.

"दोरा जरा ढिला हाय बाई. शिवणाचा दोरा, विडीचा न्हवं. आन् कागूद पानासारका वळत न्हाय. न्हायतर माझ्या हातचं असं नसतं."

म्हणजे माफी मागितली, ती मालाबद्दल! कानडी बाहेर का ठेवलं, असं मी मधेच तोंड घालून विचारलं, तर ती म्हणाली, मला काय म्हाईत, गुळगुळीत बाजू भाईर घेतली. तिला दोन्ही सारख्याच होत्या.

मॅडम जमिनीवर तिच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांनी विचारलं, आज्जी, मुलगा गावोगाव सांगतो की विडी वाईट. तुम्हाला माहीत आहे ना?

आईनं बंडल गाठोड्यावर ठेवलं. मग म्हणाली, "मला म्हाईत नसंल तर कुणाला असंल बाई? माझा धनी त्या धुळीनंच खोकून गेला. त्येला मांडीवर घिऊन बसलेते मी. इडी वाईटच हाय. पर ह्या हातांनी काय वाईट क्येलं? तीन पोरं उभी क्येली ह्यांनी. आता कुणी म्हणतंय निवांत बसा. हातांना कसं सांगू?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. आधी उपाशी राहून आणि मग पोटभर जेवून ही बाई मला हेच सांगत होती, आणि मला ते कळायला कंग्राळीपर्यंत जाऊन फजिती करून घ्यावी लागली. ती जेवायला लागली ती निपाणीला जायचं म्हणून नव्हे. तिच्या कॉटखाली कागदाचा खोका सापडला होता म्हणून. आपली आई किती मोठी आहे हे पन्नाशीत कळणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

मॅडमनी पर्समधून एक विडी काढली आणि माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, दहा वर्षं ह्या जिल्ह्यात पत्रकं वाटतेय. लोक त्यात शेंगा बांधून नेतात. आज पहिल्यांदा मी अख्खी सभा पत्रक वाचताना बघितली, तेही एकमेकांचं मागून घेऊन. मग त्या आईला म्हणाल्या, आज्जी, दर महिन्याला आम्हाला करून द्याल? आत चहापूड नको, बडीशेप आणि ओवा घालू. विडी ओढायची तलफ आली की माणसानं ही उलगडायची, वाचायची आणि बडीशेप चघळायची.

आईनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. "ह्यो मला निपाणीला सोडाय लागलाय," ती म्हणाली.

"राहा आई," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. मग एकेक अट सांगायला लागली. सूप पाहिजे. कात्री निपाणीचीच पाहिजे, बेळगावच्या कात्र्या नुसत्या बघायला. दोरा विडीचा. कागद पातळ आणि विडीच्या मापाचा छापून द्यायचा, कापून अक्षरांची चटणी होते असं लोक म्हणत असतील तर. मॅडम सगळ्याला हो म्हणत गेल्या.

"आन् शेवटची," आई म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं, "ह्येला सुपाला हात लावू द्याचा न्हाय."

मॅडमना वाटलं, लाडक्या मुलाला कष्ट नकोत म्हणून म्हणतेय. त्या कौतुकानं म्हणाल्या, खरंच आज्जी, एवढ्या गरिबीत मुलाला कामाला न लावता शाळेत घातलंत, केवढी दूरदृष्टी तुमची!

"कसली दिष्टी बाई," आई म्हणाली. "आठ वर्साचा हुता तवा बसवलाच हुता की सुपाम्होरं. समद्या छाट निघाल्या."

छाट म्हणजे कारखान्याचा तपासनीस नापास करून बाजूला टाकतो त्या विड्या. तिनं मॅडमना सविस्तर समजावून सांगितलं. म्हणे, कुठं पोट फुगलेलं, कुठं तोंड उघडं. एक महिना शिकवलं. पानं वाया, तंबाखू वाया, वर तपासनीस हिलाच नावं ठेवायला लागला. शेवटी तिनं विचार केला, हे पोरगं असंच घरात राहिलं तर आपण उपाशी मरू, त्यापेक्षा दिवसभर शाळेत गेलेलं बरं. आणि दादा जातो म्हणून मग बहिणीही शाळेसाठी रडायला लागल्या. झालं, तिघंही शिकलो! स्वयंपाकघरातून सुनंदाच्या हसण्याचा आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आई राहिली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ती आमच्या गॅलरीत सूप घेऊन बसली. हजार जमेनात, दिवसाला शंभर-दोनशे व्हायच्या. एक बंडल मराठी बाहेर, एक बंडल कानडी बाहेर, असं तिनं आलटूनपालटून ठेवलं, आणि सभेत पुन्हा कुणी हरकत घेतली नाही. देसाईवहिनी जिना चढून परत यायला लागल्या, त्यांच्याबरोबर कॉलनीतल्या आणखी चौघी. डबल ग्रॅज्युएट बायका माझ्या आईपुढं मांडी घालून बसायच्या आणि ती त्यांच्या विड्या दाबून बघून बाजूला टाकायची. माझ्या मुलीनं आपलं लग्न ठरल्याचं आधी तिला सांगितलं, मग आम्हाला. नव्वदीत ती एकदा तापानं फणफणली होती, तरी उठून बसली. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, कंग्राळीची माणसं वाट बघत असतील.

मी तिच्याकडं बघत बसायचो. माझ्या नोकरीत मी मोठमोठी माणसं बघितली, भाषणं ऐकली. त्या बोटांसारखं काही बघितलं नाही. एवढं आयुष्य त्यांतून गेलं, दोन लेकरं गेली, नवरा गेला, आणि ती कधी थरथरली नाहीत. गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिऊन तिनं सूप मागितलं, मांडीवर घेतलं आणि भिंतीला डोकं टेकलं. बोटं थांबलेली दिसली तेव्हा मला कळलं.

निपाणीत तिचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गल्लीतल्या म्हाताऱ्या विडी कामगार बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मॅडम निवृत्त झाल्या आहेत, तरी धारवाडहून आल्या. मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं, त्याग, कष्ट, दूरदृष्टी असं बरंच काही. ते खिशातच ठेवलं आणि कंग्राळीची गोष्ट सांगितली. रडायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कार्यक्रम संपल्यावर बहुतेकांनी मला विचारलं, की सायब, तंबाखूविरुद्ध इतकी वर्षं काम केलंत, विडीचा धंदा खरंच कमी करू शकलात का?

मी त्यांना खरं तेच सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी विडीधंद्याचं काडीचंही नुकसान करू शकलो नाही. जे काही केलं ते आठव्या वर्षी, एका महिन्यात, आईच्या सुपात.